सुट्टी झाली, पण घर कुठे?

(नभोवाणीवरील भाषण)



आपल्या पांढुर्णा-सौसरकडे ‘सुट्टी’ या शब्दाला एक खास अर्थ आहे. सुट्टी शाळेला असते, कचेरीला असते, आणि नागपूरच्या इस्पितळात पडलेल्या माणसालाही ती मिळते. “उद्या सुट्टी देणार म्हणतात,” असा निरोप गावी आला की घरच्या मंडळींचा जीव भांड्यात पडतो. कोणी गाडीची व्यवस्था पाहतो, कोणी ओसरी झाडून सारवून ठेवतो, शेजारीपाजारी खुशाली विचारू लागतात. सुट्टी म्हणजे दुखणे संपले आणि माणूस आपल्यात परत आला, असा आपला सरळ हिशेब असतो.

परंतु काही माणसांच्या बाबतीत हा हिशेब जुळत नाही. त्यांच्या कागदावर सुट्टी लिहिली जाते आणि ती माणसे मात्र खाटेवरच राहतात. त्यांचा रोग बरा झालेला असतो, किंवा जेवढा बरा व्हावयाचा तेवढा झालेला असतो. डॉक्टरांचे काम संपलेले असते. तरीही त्यांना घरी जाता येत नाही. कारण इस्पितळाच्या दारापासून घराच्या ओसरीपर्यंतच्या वाटेवर त्यांना हात देणारे कोणीच नसते. आजच्या भाषणाचा विषय ही माणसे होत.

विषय नीट ध्यानात यावा म्हणून एक उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित आहे. परंतु आपल्यापैकी अनेकांना ते ओळखीचे वाटेल. समजा, सौसर तालुक्यातील एका खेड्यातला तिशीचा मजूर चिंचेच्या झाडावरून पडला आणि त्याच्या पाठीचा कणा मोडला. त्याला नागपूरला नेण्यात आले. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. पण कमरेखालचा देह लुळा पडला आणि तेथली संवेदनाही गेली. दीड-दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, “आता आमच्याकडे करण्यासारखे काही उरलेले नाही. याला घरी न्या.”

घरी न्या, हे शब्द उच्चारावयाला सोपे आहेत. पण त्यांचा अर्थ काय होतो, हे जरा मोजून पाहा. या माणसाला खालच्या अंगाची वेदना कळत नाही. म्हणून त्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, मग ती मध्यरात्र का असेना. दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळीने लघवी काढावी लागते. रोज सगळी कातडी डोळ्यांनी तपासावी लागते, कारण व्रण पडला तरी त्याला तो कळणार नाही. त्याला चाकाची खुर्ची हवी. आणि खुर्ची मिळाली तरी ओसरीला दोन पायऱ्या आहेत आणि संडासाचे दार खुर्चीहून अरुंद आहे. त्याची बायको दिवस उगवताच संत्र्याच्या तोडणीला जाते, म्हणून तर चूल पेटते. ती घरी राहिली तर मजुरी बुडते, आणि कामावर गेली तर नवरा दिवसभर एकाच कुशीवर पडून राहतो. तिने डॉक्टरांना विचारले, “नेते मी, पण ठेवू कशी?” या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांच्या औषधांत नाही आणि त्या बाईच्या पदरातही नाही.

येथून पुढे दोनच गोष्टी घडू शकतात. एक तर तो मनुष्य या ना त्या निमित्ताने वॉर्डातच राहतो आणि त्या खाटेची वाट पाहणारा दुसरा रोगी बाहेर जमिनीवर पडून राहतो. नाहीतर त्याला घरी नेतात आणि काही महिन्यांत पाठीवर हाडापर्यंत गेलेले व्रण घेऊन तो पुन्हा त्याच दारात येतो. पहिला इस्पितळात अडकला, दुसरा घरात अडकला. वरवर पाहता या दोन भिन्न स्थिती वाटतात. परंतु दोहोंचे मूळ एकच आहे. इस्पितळ आणि घर यांच्यामध्ये जी सेवा हवी, ती आपल्याकडे जवळजवळ नाहीच.

ही सेवा म्हणजे सुखसोयीची चैन नव्हे, ती जीवनमरणाची बाब आहे. पहिल्या महायुद्धात कणा मोडलेले बहुतेक सैनिक थोड्याच काळात मरत असत, आणि त्यांचा मृत्यू मूळच्या जखमेने होत नसे. तो शय्याव्रणाने आणि मूत्रमार्गाच्या दोषाने होई. जर्मनीतून निर्वासित होऊन इंग्लंडला आलेले लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिल येथील इस्पितळात अशा सैनिकांसाठी विभाग उघडला. दर दोन तासांनी कूस बदलण्याचा त्यांनी दंडक घातला आणि रोग्याला पुन्हा कामाधंद्याला लावणे हेच उपचाराचे ध्येय मानले. पुढे जगभर नावारूपाला आलेल्या अपंगांच्या क्रीडास्पर्धांचा उगमही त्याच इस्पितळाच्या आवारात, १९४८ मध्ये झाला. या कार्यातून जगाला उमगले ते एवढेच की, कण्याची दुखापत माणसाला मारीत नाही, हेळसांड मारते.

आपल्याकडेही याचा एक दाखला आहे, आणि तो हृदय हेलावून टाकणारा आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग १९७३ मध्ये त्याच रुग्णालयात झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर कायमच्या शय्येला खिळल्या, आणि १८ मे २०१५ रोजी अखेरचा श्वास घेईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे, तेथेच राहिल्या. त्यांच्या सहकारी परिचारिकांनी, आणि त्या निवृत्त झाल्यावर मागून आलेल्या परिचारिकांनी, त्यांना सांभाळले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या आपल्या निकालात या सेवेचा गौरव केला आणि इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण नसल्याची नोंद घेतली. ही गोष्ट ऐकून आपले मन भरून येते. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एका वॉर्डाने एका बाईचे घर व्हावे, हे त्या परिचारिकांच्या थोरवीमुळे घडले. ते प्रत्येक रोग्याच्या वाट्याला कसे येणार? थोर माणसांच्या पुण्याईवर चालते तिला व्यवस्था म्हणता येत नाही.

आता दुसऱ्या प्रकारच्या रोग्यांकडे वळू. यांचे हातपाय धड आहेत, पण मन आजारी पडले होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने ज्या २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली, त्यांत मनोविकाराचाही समावेश आहे. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ पासूनचे, म्हणजे जुन्या मध्य प्रांताच्या आरंभकाळातले आहे. आपल्या भागातील मंडळी आजही दुखण्याखुपण्याला नागपूरचीच वाट धरतात. अशा संस्थांत असे कित्येक स्त्रीपुरुष सापडतात की जे केव्हाच बरे झाले आहेत. ते दोन वेळा जेवतात, नेमून दिलेले काम करतात, गावाचे नाव सांगतात. परंतु त्यांना न्यावयास कोणी येत नाही. घरचा पत्ता बदललेला असतो, आईवडील वारलेले असतात, भावांनी वाटण्या केलेल्या असतात, आणि वाटणीत या माणसाचा वाटा कोणी धरलेला नसतो.

हा प्रश्न किती मोठा आहे? देशातील ४३ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी होऊन तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील रोग्यांपैकी सुमारे ३६ टक्के लोक एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ आत असल्याचे तीत आढळले. काहींची तर पंचवीस वर्षे उलटून गेली होती. पंचवीस वर्षे! एवढ्या काळात गावची मुले मोठी होतात, त्यांची लग्ने होतात, नदीवर पूल येतो, शेजारचे घर पडून नवे उभे राहते. आणि या माणसाचे जग एका भिंतीच्या आत थांबलेले असते.

कायदा याबाबतीत मुका नाही, हे सांगितले पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे १९ वे कलम मोठे स्पष्ट आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारीत नाही, राहावयास घर नाही, किंवा समाजात राहण्यासाठी लागणाऱ्या सोयी उपलब्ध नाहीत, एवढ्याच कारणावरून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे ते सांगते. आणि अशांसाठी मधली घरे, सामूहिक घरे उभारण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. २०१६ च्या कायद्याचे पाचवे कलमही याच दिशेचे आहे. अपंग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, अमुकच एका ठिकाणी राहा अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही, आणि घरी राहण्यासाठी लागणारे साहाय्य तिला मिळाले पाहिजे, असा त्याचा आशय आहे.

परंतु कायद्यातील अक्षर आणि खाटेवरचा माणूस यांच्यात केवढे अंतर असते, याचेही उदाहरण महाराष्ट्रानेच दिले. बऱ्या झालेल्या मनोरुग्णांचे पुनर्वसन करा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये राज्यांना बजावले. त्यानंतर अशा काहींची रवानगी भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत होत असल्याचे न्यायालयासमोर आले, आणि हा प्रकार ताबडतोब थांबवा, असे २०१९ मध्ये महाराष्ट्र सरकारला सांगावे लागले. ज्याने कधी भीक मागितली नाही त्याला भिकाऱ्यांत बसविणे आणि जो म्हातारा नाही त्याला म्हाताऱ्यांत ठेवणे, याला पुनर्वसन म्हणता येणार नाही. खाट रिकामी झाली म्हणजे माणूस घरी गेला असे होत नाही.

येथवर जे सांगितले ते साऱ्या देशाला लागू आहे. पण आपल्या पांढुर्णा-सौसरच्या वाट्याला याखेरीज आणखी एक अडचण आली आहे, आणि ती इतिहासाने दिली आहे. १९५६ पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. आपले गाव, आपली कचेरी आणि आपले मोठे इस्पितळ ही तिन्ही एकाच राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. नकाशावर रेघ पडली. माणसांच्या पायवाटा मात्र बदलल्या नाहीत. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर, सौसरहून त्याहूनही जवळ. हाड मोडले, डोके फुटले, मन बिघडले, तर आपला माणूस नागपूरलाच जातो.

जाताना सीमा आडवी येत नाही, कारण रुग्णवाहिकेला कोणी अडवीत नाही. येताना मात्र सीमा उभी राहते. इस्पितळातील समाजसेवक महाराष्ट्राचा नोकर. त्याचे पत्र पलीकडच्या तहसिलीवर बंधनकारक नाही. महाराष्ट्रातील निराधारांच्या योजना महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहेत, आणि मध्य प्रदेशाच्या पेन्शनसाठी अर्ज आपल्या पंचायतीतून जावा लागतो. अपंगत्वाचा दाखला आपल्या जिल्ह्यात किंवा जेथे उपचार झाला त्या सरकारी रुग्णालयात मागता यावा, अशी तरतूद २०१७ च्या नियमांनी केली. पण खाटेवर असतानाच तो मागावयाचा असतो, हे कोणी सांगतच नाही, आणि मग लुळ्या माणसाला गाडीत घालून पुन्हा फेऱ्या माराव्या लागतात. त्यातून भाषेची गंमत अशी की, सुट्टीचा कागद इंग्रजीत, तहसिलीचा कारभार हिंदीत आणि घरातले बोलणे मराठीत. तीन भाषांच्या या चाळणीतून गाळता गाळता ‘दर दोन तासांनी कूस बदला’ ही एक सूचना कोठे तरी सांडून जाते, आणि तिच्यावरच तर जीव अवलंबून असतो.

पैशाचा हिशेबही पाहू. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान योजनेत गरीब कुटुंबाला इस्पितळातील उपचारासाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, आणि परराज्यातील मान्यताप्राप्त इस्पितळातही त्या कार्डाचा उपयोग होतो. ही मोठीच सोय आहे. अनेकांची शेते तिने वाचविली. पण सुट्टी झाल्यानंतर तिचे छत्र १५ दिवसांपुरते असते. त्यानंतर काय? तीव्र अपंगत्व असलेल्या गरीब माणसाच्या पेन्शनमधील केंद्र सरकारचा वाटा २०१२ मध्ये दरमहा ३०० रुपये झाला, आणि त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ तो तेवढाच राहिला. राज्य आपली भर घालते, हे खरे. तरी रोज एक नळी, थोडा कापूस आणि मदतीला एक माणूस, एवढा खर्च त्यात भागणार नाही. माणूस खाटेवर असेपर्यंत लाखांची भाषा, आणि तो उंबऱ्यात आला की शेकड्यांची! मग कोणत्या घराला त्याला आणण्याचा धीर होईल?

आपल्यापैकी काही जण म्हणतील, “आपल्याकडे कुटुंबव्यवस्था आहे. घरची माणसे सांभाळतात. परदेशासारखी पगारी माणसे कशाला हवीत?” या म्हणण्यात सत्यांश आहे. सौसरजवळच्या जामसावळीला जाऊन पाहा. निजलेल्या मारुतीच्या त्या देवस्थानात दूरदूरची कुटुंबे आपले मनाने आजारी असलेले माणूस घेऊन येतात आणि दिवसेंदिवस मुक्काम करतात. तेथल्या श्रद्धेविषयी मी येथे काही बोलत नाही. औषध सोडू नये एवढेच म्हणतो. मला त्यात दिसते ते असे की, दगडांची चूल मांडून, झाडाखाली पथारी टाकून, आई मुलासाठी आणि भाऊ भावासाठी महिनाभर बसून राहतो. आपल्या लोकांत माया नाही, असे कोण म्हणेल?

माया आहे, पण मायेलाही झोप लागते. ‘घरची माणसे’ म्हणजे बहुधा एकच माणूस असते, आणि ते बहुधा बाई असते. ती बायको असेल, आई असेल, किंवा शाळा सोडावी लागलेली पंधरा वर्षांची मुलगी असेल. एकीच्या पाठीवर साऱ्यांचा धर्म लादून आपण कुटुंबव्यवस्थेची थोरवी गाणे उचित नव्हे. आठवड्यातून दोनदा कोणी जाणता मनुष्य दारात आला, जखम पाहून गेला, नळी बदलून गेला, आणि दुपारचे चार तास बाईला मोकळे करून गेला, तर तीच माया वर्षानुवर्षे टिकेल.

अशी सेवा आपल्या मातीत रुजू शकेल काय? मी म्हणतो, एका अर्थी ती रुजलेलीच आहे. विदर्भातील गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील साध्या स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची शुश्रूषा घरोघर पोहोचविली. त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचा त्यांचा शोधनिबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत तीच पद्धत देशभर स्वीकारली गेली. आज आपल्या खेड्यातही बाळ जन्मले की आशाताई ठरलेल्या दिवशी दारात येते, वजन करते, अंग तापले आहे का पाहते. बाळासाठी जे जमले ते बाळाच्या लुळ्या पडलेल्या बापासाठी का जमू नये? केरळने २००८ मध्ये याविषयीचे धोरण आखले, आणि तेथे ग्रामपंचायतींच्या आधाराने परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागल्या. गावचे स्वयंसेवक त्यांच्या जोडीला असतात.

ज्यांना घरच उरले नाही, त्यांच्यासाठीही वाट आहे. कुष्ठरोग बरा होऊनही ज्यांना गावाने परत घेतले नाही, त्यांच्यासाठी बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवनाचा पाया घातला आणि त्या माळरानावर एक गावच वसविले. ते कार्य अलौकिकच. पण प्रत्येकाला वेगळ्या गावी पाठविता येत नाही, आणि पाठवूही नये. चेन्नईच्या ‘द बन्यन’ या संस्थेने २०१५ च्या सुमारास निराळा प्रयोग आरंभिला. मनोरुग्णालयात वर्षे काढलेली चार-पाच माणसे साध्या वस्तीतील भाड्याच्या घरात एकत्र राहतात, स्वतः बाजार करतात, स्वयंपाक करतात आणि लागेल तेवढ्यापुरता एक साहाय्यक त्यांच्या सोबतीला असतो. महाराष्ट्रात रत्नागिरीलाही अशी घरे उघडली गेली. भिंत नाही, पहारेकरी नाही. शेजारची बाई विरजण मागावयास येते. घर म्हणावयाचे ते आणखी कशाला?

आणि अशा मदतीचा कारभार ज्याला ती हवी त्याच्याच हाती असावा, हेही महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील एड रॉबर्ट्स याला १४ व्या वर्षी पोलिओ झाला आणि मानेखालचे शरीर लुळे पडले. १९६२ मध्ये तो बर्कले येथील विद्यापीठात शिकावयास गेला, तेव्हा श्वासोच्छ्वासासाठी लागणारे त्याचे अवजड यंत्र ठेवण्याजोगे वसतिगृह नव्हते. म्हणून त्याला विद्यापीठाच्या इस्पितळातच खोली देण्यात आली. तो आजारी म्हणून तेथे राहिला नाही; दुसरी जागाच नव्हती. पुढे त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी १९७२ मध्ये स्वतंत्र जीवनासाठी केंद्र उभारले. तेथे अपंग व्यक्तीच आपला मदतनीस निवडी आणि कामही तीच सांगे. १९७५ मध्ये हाच रॉबर्ट्स कॅलिफोर्निया राज्याच्या पुनर्वसन खात्याचा प्रमुख झाला. आपल्या कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनीही ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर पाय गमावले, आणि १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढून इतरांना उभे केले. चाकाच्या खुर्चीवरून कारभार हाकता येतो, याला आणखी पुरावा नको.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या घरचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर हे तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. नव्या जिल्ह्यात कचेऱ्या उभ्या राहतात, पदे निर्माण होतात, फलक लागतात. जिल्हा लहान आहे, हे मी त्याचे भाग्य समजतो. कारण लहान जिल्ह्याला आपली माणसे मोजता येतात. प्रत्येक पंचायतीने आपल्या गावात अंथरुणाला खिळलेले किती आणि गावचे पण नागपूरच्या वॉर्डात राहिलेले किती, याची नावनिशीवार यादी करावी. नागपूरच्या इस्पितळांशी बोलण्यासाठी जिल्ह्याने एक मनुष्य नेमावा. आणि आपला रोगी तेथे दाखल झाला की सुट्टीच्या दिवशी नव्हे, दुसऱ्याच दिवशी त्याच्या घराची चौकशी सुरू व्हावी. पायऱ्या किती, पाणी कोठे, सांभाळणार कोण, दाखला मागितला का, हे चार प्रश्न वेळीच विचारले तर निम्मे अडथळे दूर होतील. सौसर किंवा पांढुर्ण्याच्या रुग्णालयात दोन-चार खाटा अशा असाव्यात की जेथे नागपूरहून आलेला माणूस पंधरा दिवस राहील आणि त्याच्या घरची मंडळी आपल्या भाषेत शुश्रूषा शिकून घेतील. आणि गावोगावच्या आशाताईंच्या जोडीला, योग्य वेतन देऊन, अपंगांच्या घरी जाणारे शिकलेले सेवक असावेत. यांत अशक्य असे काय आहे?

आमच्याकडे एवढी शक्ती आहे कोठे, असे कोणी म्हणेल, तर त्याला मी पोळ्याचा दुसरा दिवस दाखवीन. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात, आणि गोटमार सुरू होते. त्या एका दिवसासाठी रुग्णवाहिका येतात, डॉक्टर येतात, तात्पुरते दवाखाने उभे राहतात, अधिकारी पहाटेपासून हजर असतात. म्हणजे माणसे आहेत, गाड्या आहेत, मनात आणले तर व्यवस्थाही होते. प्रश्न आहे तो उरलेल्या दिवसांचा. ज्याचे डोके त्या दिवशी फुटले, त्याला नागपूरला पोहोचविण्याची आपल्याला घाई असते. तो परत येताना कसा येतो, आणि कोणाच्या भरवशावर येतो, याचीही तेवढीच घाई आपल्याला झाली पाहिजे.

पूर्वी आपण ‘पंगू’ म्हणत होतो, मग ‘अपंग’ म्हणू लागलो, आता ‘दिव्यांग’ म्हणतो. शब्द आदराचा झाला, हे चांगलेच झाले. पण वॉर्डाच्या खिडकीशी बसून फाटकाकडे पाहणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो, याचे त्याला फारसे अप्रूप नाही. आपण त्याला न्यावयास केव्हा येतो, याकडे त्याचे डोळे लागले आहेत. त्याची सुट्टी केव्हाच झाली आहे. त्याला घरी आणण्याचे काम मात्र बाकी आहे, आणि ते तुमचे-माझे आहे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.